हूक

गाडी झाली उद्यमनगरात, शेवटच्या शेडमध्ये,
चार वर्षांच्या रविवारांतून.
सांगाडा नळ्यांचा, इंजिन भंगारातल्या मारुतीचं,
सीट आण्णांनी पत्रा ठोकून घडवलेली, माझ्या मापाची.
रस्त्यावर चालवायची परवानगी नाही तिला.
ट्रॅकपर्यंत न्यावं लागतं
नवरदेवासारखं, दुसऱ्याच्या पाठीवर.

ट्रेलर झाला. शिरोलीच्या काट्यावर
गुळाच्या ट्रकमागं नंबर लावून वजन केलं:
दोघांचं मिळून नऊशे ऐंशी.
"माल काय?" काटेवाल्यानं विचारलं.
"पोरगी," आण्णा म्हणाले.
मी सीटवरच बसून राहिले होते, उतरायचं विसरून.
पावतीवर पेनानं खाली लिहिलं: वजा बावन्न.

आता ओढायची कशानं?

सल्ले फुकट असतात, चहा आमचा.
कुणी म्हणालं, घोडे मोजा.
आत्तेभाऊ संग्रामसिंह आपली कोरी उंच गाडी घेऊन आला,
आधी छत उघडून दाखवलं.
इलाही मेस्त्री पाठीवर झोपून तिच्याखाली सरकले,
तळहातानं पोट चाचपलं, गाभण म्हशीचं बघावं तसं,
बाहेर आले, हात पुसले.
"दिसाय झ्याक हाय. पण खाली चासी न्हाई हिला.
हूक लावायचा कशाला, सनरूफला?"

आदगोंडा तोवर बशीतला चहा फुंकत होता.
वीस हंगाम उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या
ट्रॅक्टरमागं लावून कारखान्यावर नेलेला माणूस,
बोलायला लागला की गेअर टाकल्यासारखा थांबून बोलतो.
"वडतंय कोण बी. बैल बी वडतोय.
उताराला मागचं वजन फुडच्याला ढकलाय लागलं
की मग कळतंय, कोण कुणाला नेतंय.
वडणारं जड पायजे.
आन् थांबणारं पायजे."
बशी पालथी घातली.
"गाडी ट्रेलरवर मागं सारून बांधू नगंस, पोरी.
शेपूट मग कुत्र्याला हलवतंय."

शेवटी आली ती लिलावातली बोलेरो.
कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेली,
काचेवरचं 'शासन' खरवडूनही वाचता येणारं.
दारं वाजतात. एसी म्हणजे खिडकी.
पण खाली दोन लोखंडी तुळया, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि वजन सोळाशे.
पैसे कुठून आले, मी विचारलं नाही.
शेडमध्ये मोठी लेथ होती तिथं
आता सिमेंटचा एक फिकट चौकोन आहे.

पहाटे पाचला पन्हाळ्याची वाट.
चढताना दुसरा गेअर, काळा धूर,
आण्णांच्या तोंडून चकार शब्द नाही.
वर पोचलो, वळवली, आणि उतार.
पाय उचलला, इंजिनला धरून ठेवू दिलं;
वळणाआधी ब्रेक दाबला,
आणि आला तो धक्का, मागून,
गर्दीत कुणी पाठीला हात लावावा तसा.
बोलेरो जराशी वाकली. बसली. ऐकलं तिनं.
आण्णांनी स्वतःचाच गुडघा घट्ट धरला होता,
हँडब्रेक समजून.

खाली मेस्त्रींनी चाकावर चहाचा थेंब टाकला.
चर्र झालं.
बराच वेळ त्या आवाजाकडं बघत राहिले.
"चालतंय," म्हणाले. "पण निम्म्या वाटेत थांबायचं. तिच्यासाठी."

परवा कोइम्बतूर.
आज रात्री नुसती गल्लीत लावायची आहे, मागं घेऊन,
आणि इथंच माझं सगळं शिक्षण संपतं:
ट्रेलर उजवीकडं जायला हवा तर स्टिअरिंग डावीकडं,
आणि वळला की लगेच
त्याच्या मागं मागं जायचं, चूक कबूल केल्यासारखं.
तीनदा तिरकी झाली. शेजारच्यांनी स्कूटर आत घेतली.

आरशात आण्णा दिसत नाहीत,
रेसगाडीच्या मागं कुठंतरी उभे आहेत, भिंतीला लागून.
फक्त बॅटरीचा गोळा हलतोय,
आणि आवाज:
येऊ दे.
येऊ दे, येऊ दे.
अजून आहे जागा.
येऊ दे.